बी ड्राइव्हमधली भरती

२ ऑगस्ट

ती. काका,

नमस्कार. फोनवर तुम्ही नुसते "हो, हो" करता आणि मागून काकू सांगते की यांना एक अक्षर ऐकू आलेलं नाही. म्हणून सरळ कागद घेतला.

तुमच्या जुन्या कचेरीत मला चार महिने झाले. बंदराचे सगळे कॉम्प्युटर माझ्या गळ्यात आहेत आणि परवा साहेबांनी तुमचं ते धूडही माझ्या गळ्यात घातलं. भरती-ओहोटीचं वार्षिक कोष्टक करणारं, पिवळट रंगाचं, टेबलाला चिकटून बसलेलं. ते आता भंगारात काढायचंय. त्यासाठी एक फॉर्म आहे, त्यात यंत्राची सगळी माहिती भरायची: प्रोसेसर, मेमरी, डिस्क, सगळं. पाठीमागचं लेबल पुसून कोरं झालंय. ते तुम्ही घेतलंत, तुम्ही बसवलंत, तर तुम्हीच सांगा.

खरं सांगू का, चालू केलं तेव्हा मला हसू आलं. आधी घरघर, मग खडखड, मग कुठूनतरी एक बीप, आणि पडद्यावर नारिंगी अक्षरं. माझ्या मोबाईलमधला एक फोटो याच्या मेमरीत मावणार नाही. साहेब म्हणतात, कोष्टक नव्या कॉम्प्युटरवर हलव आणि ३१ ऑगस्टच्या आत पुढच्या वर्षाचं पुस्तक सहीला आण. दोन दिवसांचं काम आहे.

काकूला सांगा, ठमी जेवते वेळेवर.

तुमची,
ठमी

६ ऑगस्ट

चि. ठमे,

आशीर्वाद. धूड कोणाला म्हणतेस? उचलली जीभ लावली टाळ्याला. फॉर्म पुढ्यात घे आणि लिही.

प्रोसेसर २८६, बारा मेगाहर्ट्झ. शेजारी २८७ ही गणिताची वेगळी चिप, तिच्या चाळीस पायांतला एकही वाकू न देता मी स्वतःच्या हाताने बसवलेली. तेव्हा श्वास रोखून धरला होता, काकूला विचार, घरी येईपर्यंत सोडला नव्हता. रॅम एक मेगाबाईट, त्यातली ६४० किलोबाईट कामाची. हार्ड डिस्क चाळीस मेगाबाईट. सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह. चौदा इंची अंबर मॉनिटर. एकशे बत्तीस रकान्यांचा प्रिंटर, जो चालू झाला की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे.

आता हे फॉर्मवर मावणार नाही, पण ऐक. समुद्राची भरती म्हणजे एक लाट नसते. चंद्राची एक, सूर्याची एक, चंद्र जवळ आल्याची वेगळी, तिरपा गेल्याची वेगळी, अशा सदतीस लाटा एकमेकींवर चढून बसलेल्या असतात. त्या सदतीसच्या सदतीस, वर्षातल्या प्रत्येक मिनिटाला, हे यंत्र सुट्या करून पुन्हा बेरजेला लावायचं. गणिताची चिप नव्हती तेव्हा चार दिवस लागायचे, चिप आल्यावर वीस तास. ते वीस तास मी कचेरीत चालताना पाय वाजू देत नसे. तुझ्या एका फोटोएवढीही जागा नाही म्हणतेस ना, त्या जागेत अख्खा समुद्र उभा राहायचा. मूर्ती लहान पण कीर्ती महान.

तेव्हा हसणं पुरे. फॉर्म नीट भर.

तुझा,
काका

११ ऑगस्ट

ती. काका,

हसणं थांबवलं. तुमचं पत्र वाचून मी यंत्राचं झाकण उघडलं आणि बराच वेळ नुसती बघत बसले. धुळीखाली २८७ तशीच आहे, चाळीस पाय सरळ. तुमचा प्रोग्रॅमही ओळीओळीने वाचला. एकही ओळ वायफळ नाही. आम्ही आता एवढी मेमरी नुसती बाण हलवायला उधळतो. मान खाली घालून सांगते, मला असं लिहिता येणार नाही.

पण एक भानगड झालीये. प्रोग्रॅम केबल लावून नव्या कॉम्प्युटरवर उतरवला. वीस तासांचं काम मी बटणावरून बोट उचलायच्या आत झालं. साहेब खूश. आपले पायलट, मोठी जहाजं वाट दाखवत आत आणतात ते, सहज डोकावले. त्यांनी या आठवड्याच्या वेळा वाचल्या आणि कागद माझ्या हातात परत दिला. म्हणाले, हे पाणी आमच्या बंदरातलं नाही. छापलेल्या पुस्तकाशी ताडून बघितलं. आठ महिने मिनिटाला मिनिट जुळतं. जुलै ते ऑक्टोबर, नदी फुगलेली असते तेव्हा, नवं कोष्टक भरती लवकर सांगतं. कधी नऊ मिनिटं, कधी वीस.

मग आठवलं. तुम्ही मला एकच फ्लॉपी ड्राइव्ह लिहिलात. यंत्राला दोन आहेत. दुसऱ्याच्या खटक्यावर चिकटपट्टी मारलेली आहे. आमच्यात बिघडलेल्या वस्तूला पट्टी मारतात, म्हणून मी तिकडे पाहिलंही नव्हतं. चिपचे पाय मोजून सांगणारा माणूस अख्खा ड्राइव्ह विसरतो, हे मला पटत नाही. त्यात काय आहे?

ठमी

१४ ऑगस्ट

चि. ठमे,

बी ड्राइव्ह बिघडलेला नाही. पट्टी मी मारली होती, कोणी फ्लॉपी काढू नये म्हणून. ती सापडली नाही तर प्रोग्रॅम तक्रार न करता पुढे जातो, ही माझी चूक.

तिच्यात नदीची दुरुस्ती आहे. नदी भरून वाहते तेव्हा ती समुद्राला मुखाशी अडवते आणि भरती उशिरा पूर्ण होते. महिना कोणता आणि चंद्राचं वय किती, म्हणजे तिथी कोणती, त्यावरून मिनिटं वाढतात. फ्लॉपी कॉपी कर आणि नव्या कॉम्प्युटरला जोड. कोष्टक जुळेल.

कशी काढली असं कोणी विचारलं तर सांग, काकांचं सूत्र आहे, किचकट आहे. त्यावरच मला बढती मिळाली होती. सूत्राचे कागद आता राहिलेले नाहीत. जास्त खोलात जाऊ नकोस.

काकूने लाडू... नाही, ती म्हणते काही पाठवणार नाही, स्वतः ये.

काका

१९ ऑगस्ट

ती. काका,

फ्लॉपी जोडली आणि कोष्टक जुळलं. पायलट वाचून म्हणाले, आता हे आमचं पाणी. इथपर्यंत सगळं छान.

आता ऐका. साहेबांनी विचारलं, ही मिनिटं आली कुठून? नवा नियम आहे, पुस्तकातल्या प्रत्येक आकड्याचा उगम लिहावा लागतो. मी म्हणाले, काकांचं सूत्र. ते म्हणाले, सूत्र दाखव. नाही दाखवलं तर दुरुस्ती काढून छापायचं. माणूस वाईट नाही, पण सही त्यांची आहे आणि कोणाच्या तरी शब्दावर ते सही करणार नाहीत. पुढच्या वर्षापासून धान्याची मोठी जहाजं येणार आहेत. नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे तो तुम्हाला माहीत आहे. भरलेलं जहाज त्याच्यावरून जाताना तळाखाली हातभर पाणी उरतं, तेही भरती पूर्ण झाली असेल तर. वीस मिनिटं आधी आलं तर वाळूत रुतेल. पायलट हे बोलले तेव्हा साहेबांचा चेहरा उतरला, पण नियम तो नियम.

म्हणून मी फ्लॉपी उघडून आकडे बघितले. एक हजार अठ्ठ्याण्णव नोंदी, नऊ वर्षांच्या, जुलै ते ऑक्टोबर, रोज एक. नऊ जागा रिकाम्या. प्रोग्रॅम त्यांची सरासरी काढतो. पण मूळ नोंदी बघा: नऊ, साडेदहा, बारा, एकवीस, साडेबावीस. प्रत्येक आकडा दीडच्या पटीत. हजारावर आकड्यांत अकरा नाही, वीस नाही, एकही नाही.

काका, सूत्रातून आकडे असे पायऱ्या चढत येत नाहीत. समुद्र दीड दीड मिनिटांनी वागत नाही. हे कोणीतरी मोजलंय, आणि घड्याळाने नाही मोजलं. नऊ वर्षांत नऊच दिवस चुकवून. मी ते आकडे वर-खाली करत बसले तेव्हा मला भरून आलं, का ते मलाही सांगता येणार नाही. हे तुम्ही मोजलेलं नाही. तुम्ही दर उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडे असायचात ते ठीक, पण ऑगस्टमध्ये माझ्या बारशापासून ताईच्या मंगळागौरीपर्यंत प्रत्येक कार्याला हजर होतात.

कोणी मोजलंय? बारा दिवस उरलेत.

तुमची,
ठमी

२२ ऑगस्ट

चि. ठमी,

तुझं पत्र काकूने मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर तिने ते माझ्यासमोर ठेवलं आणि आत गेली. हे मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

बंदरात जेट्टी झाडायला एक बाई होत्या. सगळे त्यांना जेट्टीबाई म्हणत. भरती पूर्ण झाली की पाणी उतरायला लागतं आणि पायऱ्यांवर गाळ, शेवाळ राहतं; ते ओलं असतानाच घासावं लागतं. म्हणून जेट्टीवरच्या फलकावर लिहिलेली भरतीची वेळ झाली की त्या झाडायला सुरुवात करत. पण पावसाळ्यात त्यांच्या लक्षात आलं की फलक सांगतो तेव्हा पाणी थांबत नाही, चढतच राहतं. जेट्टीवर दोर बांधायचे वीस लोखंडी खुंट आहेत. बाईंनी मोजायला सुरुवात केली, फलकाच्या वेळेपासून पाणी थांबेपर्यंत किती खुंट झाडून होतात. घरी जाऊन कोळशाने कागदावर तेवढ्या रेघा. आज सहा, आज चौदा. कोणी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षं.

यंत्र नवीन आलं तेव्हा माझं कोष्टक पावसाळ्यात चुकायचं आणि का ते मला कळत नव्हतं. बाईंनी एक दिवस कागदांचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, बघा काही उपयोग झाला तर. मी घड्याळ घेऊन त्यांचं झाडणं बघितलं. एका खुंटापासून दुसऱ्यापर्यंत दीड मिनिट. पुन्हा बघितलं, दीड मिनिट. आठवडाभर बघितलं, पाच सेकंद इकडे-तिकडे नाही. मी महिनाभर बसून त्या रेघा यंत्रात घातल्या. नुसता टंकलेखक होतो मी. वरच्यांनी विचारलं, ही दुरुस्ती कुठली, तेव्हा माझ्या तोंडून "माझी" गेलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, आणि त्या रेघाही त्यांच्याच.

पुढे बढती झाली, आणि मी जेट्टीकडे जाणं सोडलं. निवृत्त होईपर्यंत मागच्या दाराने ये-जा केली. त्यांना कळलं असणारच. एकोणतीस वर्षं त्या माझ्या नावाने बोटं मोडत असतील आणि ते योग्यच आहे.

दोरखंडाच्या दुकानामागे मुलीकडे राहतात असं ऐकून आहे. असतील तर जा. साहेबांना हे पत्र दाखव. माझ्या अब्रूचा विचार करू नकोस, जहाजाचा कर.

काका

२८ ऑगस्ट

ती. काका,

सावकाश वाचा, आणि काकूला जवळ बसवा.

त्या आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कमरेत वाकलेल्या, डोळे लख्ख. तुमचं नाव काढलं तर म्हणाल्या, ते यंत्रवाले साहेब, बरे आहेत का? बोटं वगैरे काही मोडलेली नव्हती. मी एवढंच म्हणाले की तुमच्या त्या खुंटांच्या मोजणीबद्दल विचारायचंय. त्यांना नवल वाटलं की कोणाला आठवतंय.

तुमचं पत्र साहेबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, झाडूने मोजलेलं मी पुस्तकात कसं छापू? मी म्हणाले, तपासून छापा. काल अर्धा चंद्र, भांगाची भरती, आणि नदी तुडुंब. दुरुस्ती न केलेल्या कोष्टकात वेळ ११:२०. तीच आम्ही फलकावर लिहिली. फ्लॉपीच्या हिशोबाने त्या दिवशी चौदा खुंट, म्हणजे एकवीस मिनिटं. हा आकडा मी लिहून पाकिटात बंद करून साहेबांच्या खिशात ठेवला. बाईंना सांगितला नव्हता.

बाईंसाठी खुर्ची ठेवली. झाडू माझ्या हातात. पायलट, चार खलाशी आणि आपल्या कचेरीतली झाडून सगळी मंडळी बघायला, आणि तुमची पुतणी पदर खोचून झाडतेय. आधी सरावाला दोन खुंट झाडले, ते मी एकेका मिनिटात उरकले. बाई म्हणाल्या, "सावकाश गं. समुद्राला घाई नाही, तुला कसली?" मग त्यांनी काठी जमिनीवर टेकवत ताल धरला. एक टेकणं, एक हात. पुन्हा पहिल्या खुंटापासून, ठीक ११:२०ला. साहेब घड्याळ धरून शेजारी चालत होते. दीड मिनिट. दीड मिनिट. पाचव्या खुंटानंतर त्यांनी सेकंद मोठ्याने सांगणं बंद केलं. काका, यंत्राचा बारा मेगाहर्ट्झचा ठोका मी ऐकलेला नाही, पण हा ऐकला, एकोणतीस वर्षं न वापरता तसाच्या तसा.

बाराव्या खुंटापाशी पाणी अजून पायरी चढत होतं. तेराव्यालाही. चौदावा झाडून झाला आणि बाई म्हणाल्या, बास. मी वाकून पायरी बघितली. ओली रेघ होती तिथेच होती. आम्ही सगळे बघत राहिलो, ती हलली नाही, आणि मग पायरीवरून पाणी बोटभर खाली गेलं. साहेबांनी खिशातून पाकीट काढलं, उघडलं, आणि पायलटना दिलं.

सही झाली. उगमाच्या रकान्यात साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: "बंदराच्या जेट्टी-सफाई कामगार बाईंची नऊ वर्षांची प्रत्यक्ष निरीक्षणं." भंगाराचा फॉर्म माझ्याकडून परत घेतला.

पण मला सांगायचंय ते पुढेच आहे. बाई म्हणाल्या, एकदा ते यंत्र बघू दे. मी त्यांना वर घेऊन आले. त्या समोर बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या, मोठ्या माणसाकडे बघावं तशा. म्हणाल्या, हे आलं आणि दुसऱ्या पावसाळ्यापासून फलकावरची वेळ बरोबर यायला लागली. मी खुंट मोजायची, तर शून्य. रोज शून्य. मला वाटलं, मला नऊ वर्षं लागली ते याने एका दिवसात शोधलं. मग माझं मोजणं कशाला? सोडून दिलं. माझे कागद यंत्रवाल्या साहेबांनी फेकले असतील, त्यांची तरी काय चूक. पण मनात म्हणायची, काय हुशार आहे हे, याच्यापुढे आपण कोण.

मी बी ड्राइव्हमधली फाईल उघडली. नारिंगी आकडे वरून खाली सरकायला लागले. एकवीस, साडेबावीस, नऊ. मी सांगितलं, दीडने भागा. त्यांना आकडे येतात. ओठ हलवत हलवत वाचलं, चौदा, पंधरा, सहा. मग थांबल्या. एका तारखेपुढे रिकामी जागा आली तिथे बोट ठेवलं. म्हणाल्या, हा माझी आई गेली तो दिवस.

पदराने पडद्यावरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं हे मलाच विचारत होतं?"

मी हो म्हणाले. तुम्ही त्यांना लिहा, काका. मला नको, त्यांना.

तुमची,
ठमी

१ सप्टेंबर

माननीय बाईंना,

कृतानेक नमस्कार. हे पत्र ठमी तुम्हाला वाचून दाखवेल. तिला मी सांगितलंय की एकही शब्द गाळायचा नाही.

तुमच्या कागदांबद्दल मी वरच्यांशी खोटं बोललो, ते तुम्हाला आता कळलं आहेच. कचेरीला मी वेगळं पत्र लिहिलंय, माझी बढती कशावर झाली ते सगळं त्यात आहे. त्यांना जे करायचं ते करू देत.

पण त्याहून मोठं खोटं मी तुमच्याशी बोललो, आणि ते तुम्ही विसरला असाल. दुरुस्ती लागल्यावर पहिल्या पावसाळ्यात एकदा तुम्ही झाडू हातात घेऊन कचेरीच्या दारात आलात. यंत्र चालू होतं. तुम्ही आत आला नाहीत, पाय ओले होते म्हणून. फलकावरची वेळ आज बरोबर आली म्हणालात आणि विचारलंत, याला हे सांगितलं कोणी? मी मान वर न करता म्हणालो, याला आपोआप कळतं. तुम्ही कौतुकाने यंत्राकडे बघितलंत आणि निघून गेलात. त्यानंतर तुम्ही मोजायचं थांबवलंत, हे मला ठमीच्या पत्रातून कळलं. जगातलं एवढं चोख घड्याळ मी एका वाक्याने बंद पाडलं.

येत्या रविवारी मी आणि माझी बायको निघतोय. गुडघे दुखतात, पण जेट्टीपर्यंत येईन, पुढच्या दाराने. चपला काढून समोर उभा राहीन आणि तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर देईन. तोवर ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी जीभ अडखळायला नको.

याला तुम्ही सांगितलंत.

आपला,
यंत्रवाला